संशोधकाला नुसता गठ्ठा काढून देऊ नका, सोबत बसा

हे लिहून राहिले ते तालुक्याच्या गावी जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या लोकांसाठी. कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत चार कपाटं असतील, एखाद्या शिक्षण संस्थेचं जुनं दप्तर असेल, मठातल्या पोथ्या असतील, नाहीतर कोण्या देशमुखाच्या वाड्यातून आलेले बस्ते (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) असतील आणि ते सगळं तुमच्याकडं आलं असेल, तर हे तुमच्यासाठीच आहे. धूळ कशी झटकायची, उदई लागू नये म्हणून काय करायचं, पावसाळ्यात बस्ते कुठं ठेवायचे यावर सांगणारे भेटतात. पण दारात संशोधक आला की त्याच्याशी काय बोलायचं, पोरांना कागद वाचायला कसं शिकवायचं, आणि हे करता करता आपलं स्वतःचं काम वर्षागणिक कसं सुधारायचं, हे कोणी सांगत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात हेच काम करते आणि माझं ठाम मत आहे की अभिलेखपाल (जुने कागद सांभाळणारा माणूस) कपाटापाशी कमी शिकतो आणि टेबलापाशी जास्त, म्हणजे समोर माणूस बसलेला असताना.

आधी येणारा माणूस कोण ते पाहा

आपल्याकडं येणारे सगळेच पीएचडीवाले नसतात. उलट ते कमीच. जास्त येतात ते जात पडताळणीच्या फाइलसाठी आजोबाचा नाहीतर पणजोबाचा पुरावा शोधणारे, शेताच्या बांधावरून भावकीत वाद सुरू असलेले, गावाचा इतिहास लिहून राहिलेले रिटायर मास्तर, प्रोजेक्टवाली बीएची पोरं, आणि कधीमधी पुण्या-मुंबईहून नाहीतर परदेशातून आलेला एखादा अभ्यासक. मी सगळ्यांना संशोधकच म्हणते, तुम्हीही म्हणा. परभणीकडून एसटी बदलत आलेला म्हातारा पणजोबाचं नाव शोधून राहिला असेल तर तो जे करतो ते संशोधनच आहे, आणि प्राध्यापकाला मिळते तीच खुर्ची, तोच पंखा त्याला मिळाला पाहिजे.

पडताळणीवाल्यांना तर आपण सगळ्यात जास्त मदत करू शकतो, कारण त्यांना बहुतेक वेळा कोणी धड सांगितलेलंच नसते. तारखा तोंडपाठ ठेवा: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखांच्या आधीचा कागद लागतो. मंग तो कुठं मिळेल? शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर असेल तर शाळेत, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, जुने फेरफार नि सातबारे असतील तर महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर स्कॅन केलेले सापडतात का ते आधी मोबाइलवरच पाहून द्या. आपल्याकडं कागद नसला तरी माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये. एका चिठ्ठीवर कार्यालयाचं नाव, कोणतं रजिस्टर मागायचं, गावाचं जुनं नाव आणि अंदाजे साल एवढं लिहून द्या, तोंडी सांगितलेलं बसस्टँडपर्यंत जाईस्तोवर विसरून जाते. एक मात्र पक्कं, की कागदाचा कायदेशीर अर्थ आपण लावायचा नाही. ‘यात तुमचं काम होईल’ असं सांगू नका, ‘यात हे लिहिलं आहे’ एवढंच सांगा, पुढचं वकील आणि समिती पाहील.

प्रश्नाच्या मागचा प्रश्न

मागच्या हिवाळ्यात अमरावतीकडची एक मुलगी आली होती, नुकतं पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालेली. बसल्या बसल्या विचारलं, “मॅडम, कापसावर काही आहे का?”

“आहे ना. पण कोणता कापूस पाहिजे, शेतातला, बाजारातला, का रेल्वेनं गेलेला?”

“सर म्हणले कापसावर कर.”

“सरांचं राहू दे थोडा वेळ. तुला काहून करावंसं वाटलं?”

थोडा वेळ काही बोललीच नाही. मंग म्हणाली, “माझे पणजोबा कारंज्याच्या बाजारात हमाल होते. घरात सगळे बाजाराच्या गोष्टी सांगतात पण हमालाचं कुठं काही लिहिलेलं दिसत नाही.”

हा खरा प्रश्न. आता बघा, ‘कापूस’ म्हणून मी गठ्ठे काढत बसले असते तर जिनिंगच्या जाहिराती, पेरेपत्रकं, भावाचे तक्ते असा ढीग तिच्यासमोर पडला असता आणि आठवडाभरात ती कंटाळून गेली असती. हमाल म्हटल्यावर रस्ताच वेगळा झाला. कारंज्याचा बाजार 1886 पासूनचा, देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात, मंग 1897 चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला, त्यात अडते, मापारी यांच्या लायसनचा भाग आहे, म्हणजे कायद्यानं कोणाची नोंद ठेवली आणि कोणाची नाही हे तिथूनच दिसायला लागते. मंग बाजार समितीची ठरावबुकं, मजुरीवरून झालेल्या तक्रारी, आणि मूर्तिजापूर-यवतमाळ लाइन, म्हणजे आपली शकुंतला, कापसासाठीच टाकलेली, तिच्या स्टेशनांवरची चढ-उताराची कामं. एका प्रश्नानं एवढं निघालं.

म्हणून माझा सगळ्यात पहिला सल्ला: संशोधक आला की लगेच खुर्चीतून उठू नका. चांगली पंधरा-वीस मिनिटं बोला. विषय काय हे तर तो सांगतोच, त्याच्यापुढं विचारा की हा विषय काहून, आतापर्यंत कुठं कुठं जाऊन आला, किती दिवस राहणार आहे, मोडी येते का, जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचता येते का, गाइडनं काही मुदत दिली आहे का. दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाला वेगळे गठ्ठे द्यावे लागतात आणि दोन महिन्यांसाठी आलेल्याला वेगळे. आणि बोलताना त्याचं वाक्य आपण पुरं करू नका, ही सवय आपल्या लोकांना फार असते, समोरचा अडखळला की आपणच बोलून टाकतो. थांबा. तो अडखळतो तिथंच कामाचं काही असते.

कागद कुठं गेले याचा नकाशा डोक्यात पाहिजे

विदर्भातल्या संशोधकाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होत असेल तर आपला कारभार इतक्या वेळा इकडून तिकडं गेला याचा. हे ज्याला नीट सांगता येते तो अभिलेखपाल सोन्यासारखा, आणि हे शिकायला कोणता कोर्स लागत नाही, जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर आणि थोडी चिकाटी पुरते.

वऱ्हाड आणि नागपूर प्रांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी समजावून सांगा, बाहेरून आलेल्याला हे माहीतच नसते. वऱ्हाडात 1803 पर्यंत निजाम आणि भोसले यांचा दोअमली, म्हणजे दोघांचा मिळून, अंमल, देवगावच्या तहानं भोसल्यांचा वाटा गेला, मंग 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं लावून दिला पण कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या, म्हणजे तिथल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, हाताखाली, आणि 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला. म्हणजे 1870 सालचा अकोल्याचा वरच्या पातळीवरचा पत्रव्यवहार शोधायचा तर नागपूरला जाऊन उपयोग कमी, हैदराबाद रेसिडेन्सीचं दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावं लागते. त्याच्याही आधीचं निजामाचं, फारसीतलं, पाहिजे असेल तर हैदराबादचं राज्य अभिलेखागार. उलट वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) इकडं तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर राज्य खालसा झालं आणि 1861 मध्ये मध्यप्रांत तयार झाला, तिकडची साखळी नागपूरची. पुढं 1950 पासून आपण मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर, 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. त्यामुळं सचिवालयाचे काही कागद नागपूरला, काही भोपाळला. संशोधकाचे तीन महिने वाचतात हे एवढं आधी सांगितलं तर.

तेच गावपातळीला. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून भरायचा, तिथं वाजिब-उल-अर्ज (गावच्या रीतिरिवाजांची नोंद), निस्तार पत्रक (चराई-सरपणाच्या हक्कांची नोंद), मिसल बंदोबस्त (जमीन बंदोबस्ताची फाइल) असे कागद विचारायचे. वऱ्हाडात मुंबईच्या धर्तीची रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, खातेदार आणि सर्वे नंबर, तिथं मालगुजार शोधत बसला तर सापडणार कसा. मालगुजारी हक्क 1950 च्या कायद्यानं गेले, त्यावेळी झालेले हक्कांच्या चौकशीचे कागद तर फारच कामाचे आहेत आणि फार कमी लोक ते मागतात.

जिल्हेही बदलले. 1905 च्या आधी वाशीम हा वेगळा जिल्हा होता आणि पुसद तालुका त्याच्यात होता, यवतमाळचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा. 1905 मध्ये वाशीम आणि एलिचपूर (आताचं अचलपूर) हे जिल्हे मोडले, पुसद यवतमाळकडं आलं. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. पुसदवर काम करणारा पोरगा ‘यवतमाळ’ म्हणून 1890 चे कागद शोधत असेल तर त्याला काहीच मिळणार नाही. जुन्या इंग्रजी सूचीत वाशीमचं ‘बासीम’, यवतमाळचं ‘यिओटमाल’, वणीचं ‘वून’ असं असते, हे सगळे उच्चार आणि स्पेलिंगं एका कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवा. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ पोर्टलवर सर्च करतानाही तोच कागद उपयोगी पडतो.

सन, आणे-पै आणि मोडी

संशोधक सगळ्यात आधी अडकतो तो तारखेवर. आमच्याकडं एका मारवाडी सावकाराची वही आहे, लाल कापडी बांधणी, लांबट, कडा उंदरानं खाल्लेल्या, पण शाई अजून काळीभोर. तिच्यात साल लिहिलं आहे संवत 1956. शेजारच्या गावच्या देवस्थानच्या खर्चाच्या कागदावर शके 1821. आणि निजामी वळणाच्या कागदात फसली 1309 असं येईल. तिन्ही एकच दुष्काळ आहे, 1899-1900 चा, म्हातारे लोक ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणायचे. पोरांना हे तिन्ही आकडे फळ्यावर लिहून द्या आणि त्यांनाच काढू द्या: शकात 78 किंवा 79 मिळवायचे, संवतातून 57 किंवा 56 वजा करायचे, दख्खनी फसलीत 590 किंवा 591 मिळवायचे. ‘किंवा’ काहून, तर वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते त्यावर ते आहे, म्हणून महिना आणि तिथी वाचल्याशिवाय इंग्रजी साल पक्कं लिहायचं नाही, हे तिथंच बजावा.

भोसल्यांच्या काळातले मोडी कागद असतील तर शुहूर सन येतो, आकड्यांच्या जागी अरबी शब्दांत. ‘सबा खमसैन मया व अलफ’ असं दिसलं की घाबरायचं नाही, सबा म्हणजे 7, खमसैन 50, मया 100, अलफ 1000, बेरीज 1157, त्यात 599 मिळवा, 1756 आलं. वर्ष मृगाला बदलते म्हणून कधी 600 मिळवावे लागतात. या शब्दांचा तक्ता करून भिंतीवर लावा, एका दुपारीत पोरं शिकतात, आणि पहिली तारीख स्वतः काढली की त्यांचा चेहराच बदलून जातो.

पैशाचंही तसंच. ‘रु. 3-7-6’ हे आजच्या पोराला कळत नाही, त्याला ती तारीख वाटते. तीन रुपये, सात आणे, सहा पै. बारा पैचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे आजच्या हिशेबात तीन रुपये सत्तेचाळीस पैशांच्या आसपास. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, त्याच्या आधीचा प्रत्येक हिशेब असाच वाचावा लागतो. मापांच्या बाबतीत सावध राहायला शिकवा, खंडी, मण, पायली, कुडव हे माल आणि बाजार बदलला की बदलतात, कागदातच वजन कशाच्या भावानं धरलं आहे ते शोधायचं, पुस्तकातला एकच आकडा सगळीकडं लावायचा नाही.

मोडीबद्दल थोडक्यात. आधी ओळ मारून घेतात आणि मंग तिला अक्षरं लटकवत नेतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. एवढ्या तीन गोष्टी सांगितल्या तरी नवख्याची भीती निम्मी होते. बाकी सराव. रिद्धपूरकडच्या महानुभावांच्या पोथ्या सांभाळणाऱ्यांचं काम आणखी वेगळं, त्यात सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या येतात, तिथं पंथातल्या जाणत्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पोरांचा तास कसा घ्यायचा

कॉलेजवाले म्हणतात, मॅडम, पोरांना संग्रह दाखवा. म्हणजे तीस-चाळीस पोरं रांगेनं येणार, कपाटं पाहणार, मोबाइलवर फोटो काढणार आणि चहा पिऊन जाणार. असा दौरा घेऊच नका. त्याच्यापेक्षा पंधरा पोरं बोलवा, नाहीतर दोन बॅच करा, आणि त्यांच्या हातात कागद द्या. मूळ नाही, चांगल्या झेरॉक्स. मूळ एकच, ते तुमच्या टेबलावर.

संस्थेची स्थापना, संस्थापक, किती हजार कागद, हे सुरुवातीला सांगू नका. पोरं बसली की दोघा-दोघांत एक कागद, त्यावर काहीच माहिती लिहिलेली नाही, आणि पहिली सूचना एवढीच: काय दिसते ते सांगा, काय वाटते ते नंतर. शिक्का दिसतो, घडी दिसते, दोन वेगळी हस्ताक्षरं दिसतात, कोपऱ्यात अंगठा दिसतो. हे सांगायला हुशार असावं लागत नाही, म्हणून मागच्या बाकावरचा पोरगाही बोलायला लागतो, आणि एकदा बोलला की मंग शेवटपर्यंत बोलतो. त्याच्यानंतर कोणी लिहिला, कोणासाठी, काहून, कधी. त्याच्यानंतर यात कोण नाही.

मला सगळ्यात जमलेला तास त्या छप्पनच्या दुष्काळाचा आहे. अर्ध्या पोरांना सरकारी दुष्काळ अहवालातलं एक पान, कामावर किती मजूर आले, किती खर्च झाला, असे आकडे. उरलेल्या अर्ध्यांना सावकाराच्या वहीतलं एक पान, खाली देवनागरीत उतरवून. त्यात एक नोंद आहे, चांदीचे कडे जोड 1, तोळे 22, गहाण, रु. 9-8-0. पुढच्या ओळीत त्याच घरची पितळी घागर. त्याच्या पुढच्या ओळीत बैल एक, आणि बैलाच्या पुढं त्याच घरची नोंदच नाही. अहवालवाली पोरं सांगतात की सरकारनं कामं काढली होती, लोकांना मजुरी मिळत होती. वहीवाली पोरं सांगतात, नाही मॅडम, इथं तर घर विकून राहिले. मंग दोन्ही गट एकमेकांचा कागद वाचतात. आपण काही बोलायचं नाही, फक्त विचारायचं की दोन्ही खरे असू शकतात का, आणि या बाईचं, कडे जिचे होते तिचं, यातल्या कोणत्या कागदात नाव आहे. कोणत्याच नाही. शेतकऱ्याच्या पोरी-पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही, गहाणाचा अर्थ त्यांना घरातूनच माहीत असतो.

शेवटी प्रत्येकानं एक प्रश्न लिहून द्यायचा जो या कागदातून सुटत नाही, आणि तो सोडवायला कुठं जावं लागेल याचा अंदाज. या चिठ्ठ्या जपून ठेवा. तास जमला की नाही ते टाळ्यांवरून कळत नाही, या चिठ्ठ्यांवरून कळते.

अमेरिकेतल्या अभिलेखपालांच्या सोसायटीनं आणि तिथल्या कॉलेज ग्रंथालयांच्या दुर्मिळ ग्रंथ विभागानं मिळून 2018 मध्ये मूळ साधनं वाचण्याच्या साक्षरतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. मूळ साधन म्हणजे काय ते समजणं, ते शोधणं, वाचून सारांश काढणं, त्याची पारख करणं आणि आपल्या लेखनात नीट वापरणं, असे त्यांनी पाच भाग केले आहेत. मी तास ठरवताना यातला एकच भाग घेते. एका तासात पाचही कोंबले तर काहीच होत नाही.

वेळेचं भान ठेवा. पन्नास मिनिटांचा तास असला तरी पोरं येऊन बसेपर्यंत चाळीसच उरतात. लाइट जाते म्हणून सकाळची वेळ आणि खिडकीजवळची जागा. पेरणीच्या दिवसांत आणि सोयाबीन काढणी-कापूस वेचणीच्या वेळी पोरं शेतात असतात, तेव्हा तास ठेवून हजेरीवरून रागावण्यात अर्थ नाही, डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगला. हात धुऊन कोरडे करून बसवा, पेन बंद, फक्त पेन्सिल, पान उलटताना बोटाला थुंकी नाही. कागदासाठी हातमोजे घालू नका, त्यानं बोटाला अंदाज येत नाही आणि पान फाटते, फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र घाला.

बोचणारे शब्द

जुन्या कागदांत जातीचे असे शब्द आहेत की ते मोठ्यानं वाचताना वर्गातला कोणीतरी खाली मान घालतो. 1871 च्या कायद्यानं पूर्ण जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का 31 ऑगस्ट 1952 ला निघाला, पण कागदावर अजून आहेच, आणि त्याच समाजातली पोरं आज आपल्यासमोर बसली असतात. असा कागद अचानक वाटू नका. आधी सांगा की यात काय शब्द आहेत, ते कोणी आणि कोणत्या अधिकारानं लिहिले. नाव वाचायची सक्ती करू नका. आणि शब्द खोडूनही टाकू नका, झेरॉक्सवरही नाही, कारण अन्यायाचा तोच पुरावा आहे.

कोलाम, गोंड, बंजारा, पारधी, शेतमजूर बाया, यांनी स्वतः लिहिलेलं आपल्या कपाटात जवळजवळ नसतेच, दुसऱ्यांनी त्यांच्याबद्दल लिहिलेलं असते. संशोधकाला हे आधीच स्पष्ट सांगा आणि तांड्यावर, पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) जाऊन बोलायला सुचवा, पण परवानगी घेऊन, रेकॉर्डिंग कुठं ठेवणार ते सांगून, आणि जमल्यास एक प्रत त्यांच्याच गावच्या शाळेत ठेवून.

फोटो आणि संदर्भ

फोटोचा नियम लिहून भिंतीवर लावा, माणूस पाहून नियम बदलू नका. फ्लॅश नाही, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या फोटोत गठ्ठा नंबराची चिठ्ठी दिसली पाहिजे. ही एक सवय लावली तरी पुढचा निम्मा गोंधळ मिटतो, नाहीतर सहा महिन्यांनी फोन येतो, मॅडम, हा फोटो कोणत्या बस्त्यातला? संदर्भ कसा द्यायचा ते पण तिथंच शिकवा: संग्रहाचं नाव, बस्ता क्रमांक, कागद क्रमांक, मूळ तारीख जशी आहे तशी आणि कंसात इंग्रजी तारीख. खाजगी पत्रं, हयात माणसांचे आजारपणाचे किंवा खटल्याचे कागद असतील तर देणगीदाराशी बोलल्याशिवाय देऊ नका, आणि नाही म्हणताना कारण सांगा, लेखी.

स्वतःचं शिकणं

एक प्रश्नवही ठेवा. साधी दोनशे पानी. येणाऱ्यानं काय मागितलं, बोलल्यावर खरं काय निघालं, आपण काय दिलं, तो कुठं अडकला. नावाची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती पहिल्या पानापासून वाचा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला दिसला की त्यावर एक पानाची माहितीपत्रिका करा, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात: गाव मालगुजारीचं की खातेदारीचं कसं ओळखायचं, कोतवाल बुक कुठं मागायचं, सनावळीचा तक्ता. सूची सुधारतानाही हीच वही धरून बसा, लोक ज्या शब्दानं मागतात तो शब्द सूचीत नसेल तर सूची अपुरी आहे.

मोडी शिकायची तर पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग होतात, त्यावर नजर ठेवा. सुट्टी मिळत असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूलमध्ये एक वर्षाची पदविका आहे आणि छोटे प्रमाणपत्र कोर्सही आहेत. ते जमत नसेल तर निदान वर्षातून एकदा नागपूरच्या अभिलेखागारात वाचक म्हणून जाऊन बसा, मागणी चिठ्ठी भरा, वाट पाहा, दुसऱ्याची सूची वापरून पाहा. वाचकाच्या खुर्चीत बसल्यावर आपल्या खोलीत काय कमी आहे ते पटापट दिसते. यवतमाळचं शारदाश्रम, नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ अशा संशोधन संस्थांतल्या लोकांशी ओळख ठेवा, फोन करून ‘हे तुमच्याकडं आहे का’ विचारता आलं पाहिजे. गावातले जुने कोतवाल, रिटायर तलाठी, पोस्टमास्तर हेही आपले गुरुजीच, रजिस्टर कोणत्या क्रमानं भरायचे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.

तास घेता तेव्हा एखाद्या बीएडच्या मॅडमला मागं बसायला सांगा आणि त्यांना फक्त एक गोष्ट मोजायला सांगा: तुम्ही किती वेळ बोललात आणि पोरं किती वेळ बोलली. दुसऱ्या तासाला तो आकडा पोरांच्या बाजूला झुकवायचा.

आणि संशोधकाकडून प्रबंधाची किंवा लेखाची एक प्रत मागायला लाजू नका, पहिल्याच दिवशी फॉर्मवर लिहून घ्या. ती आली की ग्रंथालयात वेगळ्या शेल्फवर ठेवून मोकळे होऊ नका, त्यातले आपले संदर्भ शोधा आणि ज्या बस्त्यातले कागद वापरले त्या बस्त्याच्या सूचीत पेन्सिलीनं प्रबंधाचं नाव नि पान नंबर लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तोच बस्ता कोणी मागितला की आधी कोणी काय वाचलं हे त्याला गठ्ठ्यासोबतच मिळते.